काखेखालचा बंद

सोलापूर,
मंगळवार, दि. १० फेब्रुवारी २०२६

चि. ऋतुजा,

अनेक आशीर्वाद. 'चि.' लिहिलं आणि पेन थांबलं बघ. तू या घरात होतीस तेव्हा, माहेरी गेलीस की पत्रात पुढं 'सौ.' लिहायची सवय होती. मधली तीन वर्षं काही लिहिलंच नाही, आणि आता तूच विचारलंयस की ते 'सौ.' परत लावून घेऊ का. महिना होत आला तुझ्या मेसेजला. "आई, आमच्या शाळेतल्या पृथ्वीराज सरांनी लग्नाचं विचारलंय. तुम्ही हो म्हणालात तरच मी हो म्हणेन." दोनच ओळी. मी त्या वाचल्या हे तुला निळ्या खुणांवरून कळलं असणारच. मेला हा फोन माणसाला काही लपवूच देत नाही.

उत्तर लिहिते, जरा दम धर. फोनवर मला जमत नाही. तू 'हॅलो' म्हणालीस की माझं तोंड बंद होतं, मग तू रडतीस, मग मी म्हणते, "बरं ठेवते." हे आपलं ठरल्यासारखंच झालंय.

इकडचं ठीक आहे. संक्रांतीपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. यंदाही गड्ड्याच्या जत्रेसाठी बाराबंद्या शिवायला लोकांची रीघ. नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे वेगळेच, आता बारकी बारकी पोरंसुद्धा पांढरी बाराबंदी मागतात, फोटोला. आणि प्रत्येक बाराबंदीला ते बारा बंद! बोटं कामातून गेली. जत्रा उलगली आणि एकदम सगळं गार. मशीनवर फडकं टाकून ठेवलंय. एका माणसासाठी भाकरी थापायची म्हणजे तवा तापेपर्यंत भूक मरते गं. मग सकाळचीच कडक भाकरी अन् शेंगाचटणी. टीव्हीवर बातम्या देणारी बाई आहे ना, तिच्याशी बोलते मी हल्ली. ती बरी, उलट बोलत नाही.

सोमलिंग भाऊजी येऊन गेले. तुझी गोष्ट तुझ्या माहेरून, अकलूजहून त्यांच्या कानावर गेलीय. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू. "वैनी, सून म्हंजे घरची अब्रू असती. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक काय म्हणणार, तुमच्यासारखे चहा पिऊन जातील." राग आला त्यांना, चहा न घेताच गेले. साखर वाचली. पण खरं सांगू, ते गेल्यावर मला वाटलं, भांडायला का होईना, बसले असते अजून थोडं.

तर झालं असं, की परवा रविवारी काही काम नव्हतं. तुझा मेसेज परत काढला. उत्तर लिहायला म्हणून काढला आणि बोट लागून वर वर सरकत गेला. तुझे जुने निरोप आले. त्यात तू गावभर रंगवलेल्या भिंतींचा तो नकाशा होता, 'भिंती बघत चला.' खाली तू लिहिलेलं, "आई, एकदा या की बघायला. कुणाला विचारायचं नाही, आपलं आपण चालत जायचं." मी दर वेळी म्हणायची, संक्रांत होऊ दे. किती संक्रांती झाल्या! उठले, लुगडं बदललं, पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

पहिली भिंत आपल्या बाळीवेशीपाशीच. विड्या वळणारे बायकांचे हात. बाकी बाई नाहीच, नुसते हात, हे एवढाले. छान काढलेत. कोपऱ्यात तू तो धोटा काढलायस, मागावरचा. नकाशात म्हटल्याप्रमाणं धोट्याचं टोक दाखवेल तिकडं पुढची भिंत. मी टोक बघितलं आणि निघाले. चालतेय, चालतेय. दोन बोळ झाले, पिठाची गिरणी झाली, भिंत काही येईना. शेवटी वळून वळून बघते तर परत तेच हात! समोर दारात एक पद्मशाली म्हातारी बसलेली, ती हसायलाच लागली. "एमम्मा, मळ्ळी वच्चिनावा?" परत आलीस व्हय, म्हणाली. "सगळीच येतेत. म्या रोज बघतो की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं अकलूजकरणी, धोट्याला दोन टोकं असतात! दोन्हीकडं टोकदार. जन्मभर चादरीच्या कारखान्यात राबलेल्या माणसाची बायको मी, मलाही आधी सुचलं नाही. उसाच्या गावची पोर बाण म्हणून धोटा काढते आणि अख्खं सोलापूर त्याच्यामागं उलट फिरतं! मग नीट बघितलं, तर तू धोट्यातून एक लाल धागा सुटलेला काढलायस. धागा मागं राहतो, म्हणजे धोटा त्याच्या उलट दिशेला चाललाय. भर रस्त्यात मला हसू आवरेना. वळले, 'बघितलंस का' म्हणून सांगायला, तर बाजूला कुणी नव्हतंच. पदर तोंडाला लावला आणि चालायला लागले.

पुढच्या भिंती चुकल्या नाहीत. ती वाळत घातलेल्या चादरीची भिंत आहे ना, तिच्यापुढंच लोकांनी खऱ्या चादरी वाळत घातल्यात. खरी कुठली आणि तुझी कुठली, जवळ गेल्याशिवाय कळेना. नवी पेठेतल्या भिंतीवर मात्र कुणा साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मी कोपरा उचलून आत धोटा शोधतेय, तर दुकानदार ओरडला, "ओ काकू, काय करताय?"

"भिंत बघतीय."

"भिंत काय बघायची? आत या, साड्या बघा की!"

तिथंच एका जोडप्यानं मला फोटो काढायला लावला. नवीन लग्न झालेलं दिसत होतं, हिरवा चुडा होता. तिनं बघितलं तर फोटोत निम्मं माझं बोट. "असू दे काकू," म्हणाली गोड. मला तुम्ही दोघं आठवलात. त्याचं नाव मी इतका वेळ लिहायचं टाळलं, तुझ्या लक्षात आलंच असेल.

नकाशातली शेवटची भिंत तळ्याजवळची. माशांची. पाय भरून आलेले. वाटलं झालं आता, रिक्षा करून घरी जावं. पण कोपऱ्यात बघते तर तिथंही धोटा! शेवटच्या भिंतीवर धोटा कशाला? धागा बघितला आणि त्याच्या उलट निघाले. नकाशात नाही, तुझ्या निरोपात नाही, अशी ती भिंत. चहाच्या टपरीला लागून, बोळाच्या तोंडाशी.

पहिल्यांदा मला नुसता पांढरा रंग दिसला. मग नंदीध्वज दिसला, पार छपरापर्यंत गेलेला. मग तो पेलून धरणारा माणूस. तोंड दिसत नाही, वर उचललेल्या हाताआड गेलंय. पण मी शिवलेली बाराबंदी मला कळायची नाही होय? खांद्याला मी देते ती दुहेरी टीप सुद्धा तू काढलीस. आणि मानेवरचा तो तीळ.

आपला शिवू.

मी पुढं झाले तशी टपरीवाल्या चाचांनी हाक मारली. "अम्मा, चप्पल उतारो." बघते तर भिंतीच्या बुडाशी फुलं, उदबत्तीची काडी, नंदीध्वजाला हळदकुंकू लावलेलं. चाचा म्हणाले, "पैले इधर लोगां थूकते थे. अब अगरबत्ती लगारै. मैंच पानी मारता रोज." मग त्यांनी विचारलं, "तुम्हारा कौन लगता?"

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत आहे ते विचारत नाहीत, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना काय पडलंय. मी म्हटलं, "ल्येक." तेवढं म्हणून तिथल्या बाकड्यावर बसलेच. चाचांनी चहा आणून दिला. म्हणाले, "एक लडकी बनाई, अम्मा. अकेली आती थी, सुबू-सुबू. बनाते बनाते रोती थी. फिर एक दिन आईच नहीं."

म्हणजे त्याच्या जाण्यानंतर, अकलूजला जायच्या आधी. सकाळी उठून तू बाहेर जायचीस, आणि मला वाटायचं माझं तोंड नको म्हणून जातेस. एका घरात राहून दोघी दोन ठिकाणी रडत होतो की गं.

चहा पिता पिता माझी नजर शिवणीवर. काय करणार, धंद्याची सवय. बंद बघत गेले. सगळे बरोबर बांधलेत, गाठीसुद्धा बरोबर. फक्त डाव्या काखेखालचा सुटा. लोंबतोय. आधी मला राग आला. म्हटलं, सगळं नीट केलं आणि एवढी चूक कशी केली हिनं? आणि मग आठवलं.

दर संक्रांतीला तो तसाच यायचा. सगळे बंद आपले आपण बांधायचा आणि तेवढा ठेवायचा. हात वर करून उभा राहायचा, "अव्वा, ह्ये ऱ्हायलं गं." मिशा फुटल्या तरी. तुझ्या लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते? त्यानं हात वर केला आणि आपल्या दोघींचे हात एकदमच पुढं आले. तू तुझा मागं घेतलास. म्हणालीस, "आई, तुम्हीच बांधा." मला तेव्हा बरं वाटलेलं, खोटं कशाला बोलू.

मी उठून भिंतीजवळ गेले आणि त्या बंदावर हात ठेवला. गार भिंत. बांधता थोडाच येतोय. चार माणसं बघत होती, बघू देत. तो तू माझ्यासाठी ठेवलास, की तुझाच तिथं हात चालला नाही, ते मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. पण सबंध जगात तो बंद ठाऊक असणारी मी एकटीच नाही, एवढं मला कळलं.

आता तुझं उत्तर.

हो.

लोकांसाठी थांबले नव्हते मी. सोमलिंग भाऊजींना तर मुळीच भीत नाही. मला भीती दुसरीच होती. शिवूची बायको म्हणून तू माझी सून. उद्या तू दुसऱ्या घरची झालीस की मी तुझी कोण? मग या जगात मला हाक मारायला कुणी उरत नाही. महिनाभर मी तुझा मेसेज काढायची, हे सगळं मनात यायचं, आणि फोन उपडा ठेवायची. तू तिकडं वाट बघत असशील हे कळत होतं, तरी ठेवायची. फार एकटं वाटतं गं पोरी. हे मी आजवर टीव्हीतल्या बाईलाही सांगितलं नाही.

पण मी एकटी आहे म्हणून तू पण एकटी राहा, हा कुठला न्याय? तुझं वय काय, माझं काय. आणि तुझा तो धोटा चुकीचा नाही बरं का, मी उगीच हसले. धोटा त्या टोकाला जातो तसा या टोकाला येतो, त्याशिवाय कापड होत नाही. तू जा. सणासुदीला येत जा. दोघं या. सरांना ती भिंत दाखव, लपवू नकोस. चप्पल काढायला सांग, नाहीतर चाचा ओरडतील.

बाराबंदी मात्र मी त्यांना शिवणार नाही. तेवढं मागू नकोस, ती शिवूची. लग्नाला सदरा शिवते. काल नवी पेठेत जाऊन कापड आणलंय, मोतिया रंगाचं, त्याच दुकानातून. तो ओळखून म्हणाला, "काकू, आज भिंत नाही का?" गळा, छाती, खांदा, बाही, उंची, एवढी मापं लागतील. सरांना ताठ उभं करून तू स्वतः घे. टेप सैल धरायची तुझी खोड आहे, नीट धर. सगळी बटणं पक्की लावून देईन.

आणि एक. नवी नवी आलीस तेव्हा तू मला त्याच्यासारखं 'अव्वा' म्हणायला गेलीस आणि मी म्हटलं, "तुझ्या तोंडी ते बरं लागत नाही, तू आई म्हण." आता फोन करशील तेव्हा तेच म्हण. वाकडंतिकडं आलं तरी चालेल. बरेच दिवस झाले, ती हाक कानावर नाही.

अक्षता टाकायला येतेय. मापं लवकर पाठव.

तुझीच,
अव्वा