कारणाचा रकाना

मुलींचं वसतिगृह, भावसिंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपाली,
सप्रेम जय भीम.

तू पुण्यात मजेत असशील. मी बरी आहे. थंडी पडायला लागल्यापासून गुडघा कुरकुरतो, पण त्याचं आता वयच आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि आपल्या ऐंशी मुली केस मात्र रोज धुतात, त्यामुळे तुझ्या रेक्टरबाई आईचा आवाज तुला आठवतो तेवढाच मोठा राहिला आहे. मेसच्या आशाबाई या महिन्यात निवृत्त होतायत. तुझ्यासाठी त्यांनी लसणाची चटणी करून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवीन.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझ्या तोंडून आधी प्रश्न निघतात, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कागदावर निदान ते खोडता येतात. हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर चार ओळींत तीन प्रश्न आले, म्हणून तो फाडून टाकला.

गेल्या शनिवारी रात्री तू मला फोनवर धरून घरी आणलंस. शेवटी 'पोचलीस ना, झोप आता' म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी कुठून येत होते ते तू विचारलं नाहीस. आठवडा झाला तरी विचारलं नाहीस. म्हणून मीच सांगते.

आशाबाईंच्या निरोपाचं जेवण तीनदा ठरलं नि तीनदा मोडलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी शनिवारी आम्ही चौघीजणी जालना रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. तिथं माइकवर गाणी म्हणायची सोय होती. आशाबाईंनी मला पुढं ढकललं आणि मी दोन गाणी म्हटली. मग नाचलेसुद्धा. हसू नकोस. तुझे पप्पा गेल्यापासून सात वर्षांत मी एवढी खूश झाले नव्हते, आणि हे मला तुझ्यापासून लपवायचं होतं.

निघायला सव्वाअकरा झाले. बाकीच्या तिघी मुकुंदवाडीच्या, त्या आशाबाईंच्या जावयाच्या गाडीत बसल्या. तो मला आधी सोडतो म्हणत होता. मी नको म्हटलं. ऐंशी मुली सांभाळणाऱ्या बाईला कोण पळवून नेतंय, हा माझा तोरा. तू फोनमध्ये घालून दिलेल्या ॲपवरून गाडी मागवली आणि मी एकटीच फाटकाबाहेर आले.

दर जूनमध्ये नव्या मुलींना मी काय सांगते, ते तुला पाठ आहे. गाडीचा नंबर ताडून बघा. आपण आपलं नाव सांगू नका, कुणाला न्यायला आलात ते त्याला विचारा. आणि त्या रात्री रेक्टरबाईंनी काय करावं? समोर पांढरी गाडी दिसली, तिचं दार उघडलं आणि विचारलं, "मुक्ताबाईंसाठीच ना?" तो म्हणाला, "व्हय, बसा मावशी." मी बसले. त्यानं ओटीपी मागितला नाही, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सेव्हन हिल्सवरून गाडी सरळ क्रांती चौकाकडे जायला हवी होती. ती डावीकडे गजानन महाराज मंदिराच्या रस्त्याला लागली. मी विचारलं तर म्हणाला, पुढं रस्ता खोदलाय, बायपासनं घेतो. एवढ्यात माझा फोन वाजला. "मावशी, म्या रामप्रसाद. हाटेलच्या गेटावर उभा हाय. तुम्ही कुठं हायत?"

तोंडचं पाणी पळालं माझ्या. आपण भलत्याच गाडीत बसलोय आणि गाडी भलतीकडे चाललीय. 'हो, आलेच' असं काहीतरी म्हणून मी फोन बंद केला. पोलिसांचा ११२ नंबर आपल्या भिंतीवर मीच रंगवून घेतलाय, पण बोट तुझ्या नावावर गेलं. आणि तिथंच थांबलं.

रूपाली, हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मला त्या माणसाची भीती वाटत होती, पण तुझ्या पहिल्या वाक्याची जास्त वाटत होती. आता ही विचारणार, इतक्या रात्री बाहेर कशाला गेली होतीस. दोन चौक मागं पडले तरी मी उत्तरच जुळवत होते. वसतिगृहाचं काम होतं म्हणू, की कुणी आजारी होतं म्हणू? गाडी पळत होती आणि तुझी बावन्न वर्षांची आई बहाणा शोधत होती.

मग लावला फोन. मी एवढंच म्हणाले, की मी चुकीच्या गाडीत बसलेय. तू म्हणालीस, "मम्मी, मी आहे. फोन ठेवू नकोस."

बस्स. कुठं, का, कुणाबरोबर, काही नाही. फोन स्पीकरवर टाकायला लावलास आणि गाडीचा नंबर त्या माणसाच्याच तोंडून मागितलास. तो आधी ऐकू न आल्यासारखं करत होता, तू दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं सांगितला. मग तू मला फोन कानाला लावायला सांगितलंस आणि हळूच विचारलंस, उजेड कुठं आहे, माणसं कुठं दिसतायत. मंदिराच्या चौकात एक मेडिकल उघडं होतं. बीपीची गोळी घ्यायचीय असं मोठ्यानं म्हण, म्हणालीस. पर्स घेऊन उतर, दार उघडं ठेव आणि मागं वळू नकोस. मी तसंच म्हटलं. त्यानं गाडी थांबवली आणि मी पर्स घेऊन उतरले. "लई भित्र्या तुम्ही मावशी," म्हणाला, दार ओढून लावलं आणि निघून गेला. तो वाईट होता, की रात्रीची सवारी मिळाली म्हणून नुसती ओढून घेतली होती, मला अजून कळलेलं नाही. कळून घ्यायला मी त्या गाडीत थांबले नाही, हे बरं झालं.

पुढचं तुला माहीत आहे. रामप्रसादला तिथंच बोलावलं. तू सांगितलंस म्हणून मी गाडीच्या मागं जाऊन नंबर वाचला, त्याला विचारलं कुणाला न्यायला आलास, त्यानं माझं नाव सांगितल्यावर मग ओटीपी दिला. पोरगा देवगाव रंगारीचा, धनगराचा. घरी मेंढरं आहेत, आई सांभाळते म्हणाला. त्याला राग आला असेल असं मला वाटलं, म्हणून मी सॉरी म्हटलं. तर म्हणाला, "नाय मावशी, असंच बघून बसत जा. माझ्या बहिणीलाबी म्या हेच सांगतो." गाडी मिल कॉर्नरला आली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आता मी आपल्या वॉचमन धोंडिबाच्या सायकलवर बसायचं झालं तरी नंबर बघीन.

फाटकावर धोंडिबानं सवयीनं उशिराची वही पुढं केली, मग मला ओळखलं आणि वरमून मागं घेतली. मी म्हटलं, द्या. नाव लिहिलं. वेळ लिहिली, बारा दहा. पुढचा रकाना 'कारण'. अकरा वर्षं मी पोरींकडून तो भरून घेतेय. पेन हातात धरून उभी राहिले आणि काही लिहिता येईना. गाणी म्हणत होते, हे काय कारण झालं? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की जिच्याकडे सांगण्यासारखं कारण नसतं ती पोरगी फाटकाशी येतच नाही. ती बाहेरच कुठंतरी रात्र काढते.

फेब्रुवारीतल्या फोनबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. पण लिहिते.

रात्रीचे पाऊण वाजले होते. तू नुसतं 'मम्मी' म्हणालीस. मागून गाडीचा आवाज येत होता. आणि मी म्हणाले, "इतक्या रात्री बाहेर कशाला गेली होतीस?" मग म्हणालीस, काही नाही, चुकून लागला. आणि ठेवलास.

तो चुकून लागला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी परत फोन केला नाही. सकाळी बोलू म्हणून आडवी झाले, सकाळी तू 'सगळं ठीक' असा मेसेज टाकलास आणि मी तो खरा मानला, कारण खरा मानणं सोपं होतं. त्या दिवसापासून तू मला फोनवर तुझ्या गाडीचं लोकेशन पाठवायचं बंद केलंस. आधी पाठवायचीस, नकाशावर ती हळूहळू सरकताना बघत मी जागी राहायचे. मग नऊ महिने मी लवकर झोपत राहिले आणि पोरगी मोठी झाली म्हणून सगळ्यांना सांगत राहिले.

शनिवारी तू मला एकही गोष्ट आठवून सांगितली नाहीस. स्पीकर, नंबर, उजेड, मेडिकल, गोळी, सगळं तुझ्या जिभेवर होतं. पलंगावर बसल्यावर माझ्या डोक्यात आलं, हिला हे एवढं पाठ कसं? आणि मग मी पहाटेपर्यंत रडले. मी सुखरूप घरी आले याचं रडू होतं. तू त्या रात्री एकटीनं, कुणी फोनवर नसताना, सुखरूप पोचलीस, याचंही होतं. पोचलीस, बाई. पोचलीस. हे मी आठवडाभर स्वतःला सांगतेय आणि मला हलकं वाटतंय.

तेव्हा काय झालं ते मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर कधीही सांग, मी मध्ये बोलणार नाही. माझं चुकलं, रूपाली. मी तुझी रेक्टर नव्हते, आई होते.

सोमवारी मी वहीतला कारणाचा रकाना पट्टी लावून खोडला. ट्रस्टच्या साहेबांनी विचारलं तर त्यांना मी बघून घेईन. गुरुवारी एक पोरगी पावणेअकराला आली, भिंतीला धरून उभी होती. मी तिला जेवलीस का विचारलं. ती एवढी गोंधळली की आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. मी दोन पोळ्या गरम करून दिल्या.

आता एकच मागणं आहे. कुठंही जा, कुणाबरोबरही जा, नाच, गा, आईनं केलं तेच कर. फक्त गाडीत बसलीस की नंबर ताडून बघ आणि मला गाडी पाठव. आणि कधी नुसतं 'मम्मी' म्हणावंसं वाटलं तर म्हण. मी पुढं काय म्हणायचं ते आता मला तुझ्याकडून कळलंय.

मी आहे. फोन ठेवू नकोस.

तुझी,
मम्मी