दुसरा घाव

रविवार, ८ फेब्रुवारी. जळगाव

 आजचं आजच लिहिते.

दुपारी एरंडोलला धाकट्या दिरांकडे जेवायला गेलो होतो. त्यांची पूजा शिकायला इटलीत, फ्लॉरेन्सला निघालीय. आम्ही दोघं मागे तिथे फिरून आलोय, म्हणून तिने सहज विचारलं, "काकू, तिथे कॉकटेल प्यायला छान जागा कुठली?"

मीही रंगून सांगत बसले. नदीकाठच्या हॉटेलची गच्ची, समोर जुना पूल, उतरतं ऊन, ग्लासात नारिंगी, जरा कडवट असं काहीतरी.

भाऊजी मागेच उभे होते. "हाई शिकाले जाई ऱ्हायनी तू?" म्हणत त्यांनी पूजाचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी ताटाशेजारचा तांब्या उचलून त्यांच्या कपाळावर हाणला. त्यांनी तिला सोडलं. रक्त आलं. मी परत हाणला.

तो दुसरा. सोडलं होतं ना त्यांनी? मग का मारला मी?

जाऊबाईंनीच पूजाला आमच्या गाडीत बसवलं. "ताई, हिले लई जा," एवढंच बोलल्या.

वाटेत हे म्हणाले, "पहिला पूजासाठी, समजलं. दुसरा कशाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो तुमच्या वाटचा होता. तुम्ही हातातला घाससुद्धा खाली ठेवला नाहीत."

घरी पोचलो. आत्ता भाऊजींचा फोन आला. मी उठायच्या आत यांनीच घेतला. पलीकडची शिवीगाळ मला इथवर ऐकू येत होती.

"पूजा आता इथूनच जाईल," हे म्हणाले, आणि फोन ठेवला.