फाटकापासून दारापर्यंतचं डांबर

बाबा, तुमचा रस्ता मी उखडून टाकला. फाटकापासून आपल्या दारापर्यंतचा, ज्याच्यावर तुमचा जीव होता तो. विचारायला तुम्ही नव्हतात, आणि असतात तरी मी विचारलं नसतं. हे आधीच सांगून टाकलं की पुढचं शांतपणे लिहिता येईल, असं वाटलं होतं. पण तसं काही होईल असं दिसत नाही.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आई सैपाकघरात घसरून पडली. फरशीवर पाणी होतं, नेहमीसारखंच. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी तिला अजून पोळी लाटता येत नाही. मी दर रविवारी भंडाऱ्याहून येते, तिचे केस विंचरून देते, आणि विंचरताना खिडकीतून तुमचा रस्ता दिसतो. भेगाळलेला, कडेनं तुटलेला, खड्ड्यांत गवत उगवलेला. उन्हाळ्यात भावाने एका डांबरवाल्याला बोलावलं. त्याने एक फेरी मारली, टाचेने एक ढेकूळ उखडून पाहिलं आणि विचारलं, "वरून थर मारू, का पूरा उखडून नवा करू?" भाऊ म्हणाला, "थरच मारा. बाबा बी थरच मारत होते." मी म्हणाले, "उखडा." तेवढ्यात आई ओसरीतून ओरडली, "उखडाचं नाही! तुये बाबा गेले, आता त्याईचा रस्ता बी खोदता का?"

मला वाटलं, प्रेम आहे. इतक्या वर्षांनीसुद्धा. आणि खरं सांगते, तिच्या त्या प्रेमाचाही मला राग आला.

तुम्ही ठेकेदाराकडे रोलर चालवायचात. कुठलं काम संपलं की उरलासुरला माल तो तुम्हाला घरी न्यायला द्यायचा. मी शाळकरी आहे, संध्याकाळ झाली आहे, आणि ट्रॉली फाटकातून आत येते. ताडपत्रीखालून धूर निघतो आहे. "चाला चाला, माल थंडा होऊन राहिला!" तुम्ही ओरडता. डांबरातली गिट्टी गरम आहे तोवरच पसरते, म्हणून सगळं घर धावतं. आई चुलीवरचा भात तसाच टाकून, पदर खोचून फावडं उचलते. भात लागतो. आणि जेवताना तुम्हीच तिला म्हणता, "एवढं बी ध्यान नाही का तुले?"

गावात दारापर्यंत डांबर फक्त आपलं. पाहुणा आला की चहाच्या आधी रस्ता. धान वाळवायला शेजारच्या बाया तुम्हाला विचारून जायच्या, आणि सगळा मुलूख तुमच्या नावावर असल्यासारखी तुम्ही मान हलवायचात. लाखनीच्या बाजारातून मला सायकल आणली, तीही ह्या रस्त्यासाठीच. सीट धरून मागे धावलात आणि हात कधी सोडला ते कळू दिलं नाहीत. त्या दिवशी मला जगात तुमच्याइतकं कुणीच आवडलं नव्हतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल, पोरगी एकाच बाजूनं बोलते.

दोन-तीन वर्षं गेली की नवा थर. रस्ता चढत गेला आणि घर खाली खाली बसत गेलं. पावसाळ्यात वरच्या बांध्यांतलं पाणी, आपल्याच धानाच्या शेतांतलं, उतरून रस्त्याला अडायचं आणि मागच्या दारानं सैपाकघरात शिरायचं. आई तांदळाचा डबा खाटेवर चढवायची आणि गंजानं, त्या मोठ्या पातेल्यानं, पाणी उपसत बसायची. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, हे पानी दुसरीकून काहून जात नाही?" तुम्ही ताटावरून उठलात. "तुया मायनं सैपाकघरच खड्ड्यात बांधाले लावलं. माया रस्त्याले नाव नको ठेवू." आई गंज भरत राहिली. मीही ते खरं मानलं. चूक आईची, हे आपल्या घरात भिंतीइतकं पक्कं होतं.

तर ह्या वेळी आईची समजूत वगैरे मी घातली नाही, सरळ भांडले. "दुसरा हात मोडाची वाट पाहू का?" ती उठून आत गेली. तोच होकार धरून आम्ही काम सुरू केलं. ब्रेकर लागला आणि तुमचे थर पोळ्यांच्या चळतीसारखे सुटे होत गेले. अर्ध्या वाटेवर, खालच्या अंगाच्या काकांच्या बांधीसमोर, सगळ्यात खाली पाणी पलीकडे जायची मोरी निघाली. चांगला जाड सिमेंटचा पाइप. दोन्ही तोंडांत सिमेंटची पोती कोंबलेली, जागीच दगड झालेली. डांबरवाला हसला. "मोरी तर आहेच तुमची. बुजवली कोनं?"

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "वावराच्या हद्दीच्या, धुऱ्याच्या भांडनात बुजवली त्याईनं. तुया काकाच्या बांधीत पानी नको जाले म्हनून."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"काय बोलू? भाऊ-भाऊ होते. मले वाटे, आज ना उद्या खोलतीन." मग मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून, "तुमाले दिसू नये म्हनून नाही म्हनत होती मी."

बाबा, आपल्याकडे वरचा माणूस खालच्याचं पाणी अडवत नाही. भावाभावांत बोलणं बंद असो, कोर्टकचेरी असो, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीचं तोंड उघडं ठेवतात. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, धुऱ्यावर उभं राहून, मोठ्या तोऱ्यात. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक असतात म्हणे. तुम्ही त्यांच्याही पुढचे, तुम्ही आईचं नाक कापलं. काकांची बांधी कोरडी पडली, धान सोडून त्यांनी तूर लावली, आणि तेही तसेच गेले. जिंकलात. मोरी खोलायला एक सब्बल आणि एक सकाळ पुरली असती. त्याऐवजी तुम्ही थर मारत गेलात आणि गंज तिच्या हातात राहिला. वर दोष सैपाकघराचा! ते मनगट तुम्ही मोडलंत. मेल्यावर मोडलंत.

आणि तिला पडली होती ती तुमच्या अब्रूची. आमच्यासमोर, पोटच्या पोरांसमोर, तुमची मूठ झाकलेली राहावी म्हणून ती ओल्या फरशीवर उरलेलं आयुष्य काढायला तयार होती. ह्याला प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळत नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का?

रस्ता आता खाली घेतला आहे, उंबरठ्याच्या चांगला खाली. मोरी मोकळी केली. काकांचा मुलगा येऊन बघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बाजूचा धुरा फोडून पाण्याला वाट करून ठेवली. परवा दिवसभर पाऊस लागला. आईने सवयीनं तांदळाचा डबा खाटेवर चढवायला लावला आणि गंज घेऊन पाटावर बसली. पाणी मोरीतून काकांच्या बांधीत जात राहिलं, आणि ती फरशीकडे बघत राहिली. फरशी कोरडीच. दिवेलागणीला तिने तोच गंज घासला आणि त्यात भात मांडला.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण टाकता आलं असतं तर मी ते इथवरच टाकलं असतं, पुढचं माझ्याजवळ ठेवलं असतं.

सगळे म्हणत होते, सिमेंटचा करा, डांबर पाण्यात टिकत नाही. मी डांबरासाठी अडून बसले. लवकर होतं, असं भावाला सांगितलं. ते खोटं होतं. डांबर टाकायच्या दिवशी ट्रॉली फाटकातून आत आली, ताडपत्री निघाली आणि तो वास घरभर झाला. आई आत पडली होती, तिचा डोळा लागला होता. लहानपणी रोज संध्याकाळी तुमच्या आधी तुमचा हा वास दारात यायचा, आणि ती आतूनच विचारायची आणि तुमच्या हातपाय धुण्याचं पाणी काढायला उठायची. तसंच तिने झोपेतून विचारलं, "आले का?"

मी दारात उभी होते, फावडं हातात. मला इतका राग आला होता तुमचा, बाबा, आणि मी म्हणाले, "हो. आले."