स्लीपरवरची वाट

सोमवार, ६ मार्च

गेल्या बुधवारी इथे जे लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलं होतं – ‘यार्डची पाहणी संपली. जागा मोकळी. गवत गुडघाभर, कुणाचा पाय लागत नाही.’ यातला शेवटचा तुकडा खोटा. मुद्दाम खोटा नव्हे, पण वहीला काय कळतंय मुद्दाम की चुकून. खोडत नाही. खोडलं की चूक झालीच नव्हती असं पुढे वाटायला लागतं. म्हणून दुरुस्ती खाली लिहिते: पाय लागतो. रोज लागतो. माझाही लागत होता.

झालं असं. आई बाजारातून आली, मी विचारलं, इतक्या लवकर कशी? ती पिशवी ठेवत म्हणाली, "रुळावरून आले की." आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला.

नीट लिहून ठेवते. जुनं मालगाड्यांचं यार्ड रेल्वेला आता नकोय. पंधरा वर्षांत तिथे एक डबा आलेला नाही. त्या जागेवर सहाशे चाळीस घरं होणार आणि जागेची मोजणी आमच्या कार्यालयाकडे आहे. मी तिथली सर्वात नवी सर्वेक्षक, अजून कायम झालेली नाही. पाहणीच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना आहे – ‘पादचाऱ्यांचा वापर’. नियम असा की जमिनीवर पायवाट दिसली तर माणसं मोजायची, नाही दिसली तर ‘नाही’ लिहायचं. मी सगळं यार्ड आडवं-उभं पालथं घातलं. गवतात पायवाट कुठेच नाही. ‘नाही’ लिहिलं. सही केली. फॉर्म गृहनिर्माण मंडळाकडे गेला.

पायवाट दिसणार कशी? आम्ही रेल्वे क्वार्टरमधली माणसं गवतात उतरतच नाही. चालायला लागल्यापासून शिकवण एकच – लोखंडावर पाय द्यायचा नाही, खडीत घालायचा नाही, रुळांखालच्या लाकडी स्लीपरवरून चालायचं. एकावरून दुसऱ्यावर. लाकडावर पायवाट उमटत नाही.

दुसरं कुणी पाहणीला गेलं असतं तर त्याने चार लोकांना विचारलं तरी असतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला माहीत आहे. शाळेत दहा वर्षं मी तिथूनच गेले! पण माझ्या डोक्यात ती वाट कधी नव्हतीच. ते रूळ होते.

मंगळवार, ७ मार्च

नकाशा काढून पाहिला. आमच्या स्लीपरच्या बरोबर आडवी कुंपणाची भिंत आणि गाड्या लावायची शेड. ‘नाही’ लिहिलंय म्हटल्यावर नकाशा करणाऱ्याने भिंत घातली, त्याचं काय चुकलं?

मोजायचं चाक घेऊन रस्त्याने फिरून आले. क्वार्टरच्या दारापासून बाजाराच्या कमानीपर्यंत रुळावरून चारशे मीटरच्या आत-बाहेर. भिंत झाल्यावर रस्त्याने – दोन हजार तीनशे.

घरी सांगितलं. बाबांनी तीस वर्षं गँगमन म्हणून रूळ सांभाळले, ते आधी हसलेच. "आमच्या वेळी नट सैल राहिला तर गाडी घसरायची. तुझ्या कागदाने काय घसरणार आहे?"

आई चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "माझी कंबर."

बुधवार, ८ मार्च

आज सांगणार होते. ऑफिसातल्या फूटपट्टी सरांना दोन वेळा नमस्कार केला आणि दोन्ही वेळा जागेवर येऊन बसले.

गुरुवार, ९ मार्च

सांगितलं.

फूटपट्टी सर म्हणजे आमचे मुख्य नकाशाकार. त्यांच्या हातात कायम स्टीलची पट्टी; तिनेच रेघा मारतात, तिनेच पाठ खाजवतात, चहा ढवळताना मी स्वतः पाहिलंय. माझं सगळं ऐकेपर्यंत त्यांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली होती. त्यांच्या दृष्टीने हा गंभीरपणा.

"पुरावा?"

"मी स्वतः चाललेय ना सर, दहा वर्षं."

"तुम्ही पुरावा नाही, तुम्ही साक्षीदार. त्यातही नात्यातल्या. मोजणी आणा."

मग त्यांनी समजावलं. फॉर्म आता इथून बदलता येत नाही. एकवीस तारखेला मंगळवारी जाहीर सुनावणी आहे. तिथे रकाने एकेक करून वाचतात. सही करणाऱ्याने उठून ‘हे चुकलंय’ म्हटलं आणि मोजणी दिली तर दुरुस्ती होते. त्या दिवशी नाही झाली तर नकाशावर शिक्का पडतो.

"आणि उठणाऱ्याचं काय होतं?" मी विचारलं.

"कायम माणूस असेल तर ओशाळतो. कच्चा असेल तर…" त्यांनी पट्टीने दाराकडे दाखवलं. गेल्या वर्षी एका कच्च्या मुलाकडून जमिनीच्या उंचीचं माप चुकलं होतं. त्याची खुर्ची अजून रिकामी आहे, आम्ही तिच्यावर फायली ठेवतो.

पण लगेच म्हणाले, "घाबरता कशाला? तुमचं कायम झाल्याचं पत्र सतराला निघतंय. शुक्रवारी पत्र पिशवीत, मंगळवारी खुशाल उभ्या राहा."

चार दिवसांचं अंतर! घरी येताना एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत आले, उगाचच.

शुक्रवार, १० मार्च

रजा टाकून मोजणी केली. सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. मी बाजाराच्या टोकाला वही घेऊन. क्वार्टरच्या टोकाला बाबा आणि त्यांचे दोस्त शिट्टीकाका – मालगाडीचे निवृत्त गार्ड, अजूनही खिशात शिट्टी ठेवतात. बाबांना अक्षरं येत नाहीत. म्हणून त्यांची पद्धत – माणूस गेला की खडीतला एक खडा टोपीत.

नऊ वाजेपर्यंतच तीन भांडणं. पहिलं, शेळीचं. शिट्टीकाका म्हणे तीही रोज जाते. दुसरं, कडेवरच्या बाळाचं. बाबांनी निकाल दिला – "पाय लाकडाला लागले का? नाही ना? मग नाही." तिसरं भांडण सायकल ढकलत नेणाऱ्या दूधवाल्याचं. तो स्वतःच वळून ओरडला, "मला धरा हो, मी माणूस आहे!"

दुपारी दोन्ही टोकांचे आकडे जुळेनात. माझ्या वहीपेक्षा टोपीत बारा खडे जास्त. मी त्यांच्या बाकापाशी जाऊन यार्डातल्या जुन्या पत्र्याच्या शेडआडून बघत बसले. दहा मिनिटांत बाबा उठले, वीस-पंचवीस स्लीपर चालत गेले, मागे वळले, बाकावर येऊन बसले. शिट्टीकाकांनी शांतपणे टोपीत खडा टाकला.

"बाबा, हे काय?"

"पाय मोकळे करतोय."

"सकाळपासून तेरा वेळा?"

"गुडघे धरतात गं."

मी टोपीतून तेरा खडे काढून खडीत टाकले. शिट्टीकाका म्हणाले, जन्मात पुष्कळ पोरी पाहिल्या, पण बापाला तेरा वेळा वजा करणारी पहिलीच. बाबा फुगून बसले. त्यांच्यासाठीच चाललंय आणि त्यांनाच मोजत नाही, असं काहीतरी पुटपुटले. मला वाईट वाटलं. पण एक खडा खोटा निघाला तर सुनावणीत बाकीचे सगळे खडे खोटे ठरतील.

एकूण तीनशे चौतीस. त्यात शाळेची मुलं एकशे दोन.

एक गोष्ट विसरायला नको. जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते इथे काय होणार आहे. घरं नकोत असं एकही जण म्हणाला नाही. शेवटच्या क्वार्टरमधली शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "माझ्या थोरल्याचं नाव दिलंय तिथे. घर लागलं तर तो मला भेटायला भिंतीला वळसा घालून येणार का?"

रात्री ऐकलं तर बाबा शेजारी सांगत होते – "तेरा वेळा काढलं मला. तेरा! सरकारी माणूस आहे ती आता."

रविवार, १२ मार्च

नुसतं ‘चुकलंय’ म्हणून खाली बसायचं, हे मला पटेना. काय करता येईल तेही न्यायला हवं. जमिनीवर कागद पसरून दिवसभर बसले. शेड सात मीटर सरकवली आणि भिंतीत दार सोडलं की वाट दोन इमारतींच्या मधून सरळ निघते. अकरा गाड्यांच्या जागा जातात. घर एकही जात नाही. चार वेळा तपासलं – एकही नाही.

आई शेंगा सोलत शेजारी येऊन बसली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी काय लिहिते ते तिला माहीत नाही, ही वही ऑफिसचीच समजते आणि कुणी आलं की म्हणते, "तिचं काम चाललंय, हळू बोला." आज नकाशाकडे बराच वेळ पाहून तिने एका चौकटीवर बोट ठेवलं.

"हे आपलं दार ना?"

होतं. बरोबर आमचंच दार.

मग तिचं बोट रेघेवरून चालायला लागलं. "इथे दिव्याचा खांब. इथे रूळ वळतात. इथे मी पिशवीचा हात बदलते." मी विचारलं, इथेच का? म्हणाली, इथे तीनशे होतात म्हणून.

कसले तीनशे?

"स्लीपर. एकूण सहाशे अकरा. लग्न होऊन आले तेव्हा मला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. तुझे बाबा पुढे चालायचे, आकडा म्हणायचे, मी मागून म्हणायचे. माझी शाळा तीच."

घरात शाळेत गेलेली पहिली मी, असं मी सगळीकडे सांगत आलेय. अर्जातसुद्धा लिहिलंय. हीही दुरुस्ती करावी लागणार की काय!

दोन स्लीपरमधलं अंतर मला माहीत आहे. गुणाकार केला – तीनशे सत्त्याण्णव मीटर. चाकाने नंतर मोजलं तेव्हा तीनशे अठ्ठ्याण्णव. आईपेक्षा माझ्या चाकाचा भरवसा कमी वाटतो.

मंगळवार, १४ मार्च

फूटपट्टी सरांना नवा नकाशा दाखवला. त्यांनी खिडकीपाशी नेला, पट्टी लावली, उलटा करून परत लावली. "अकरा गाड्यांच्या जागा. ज्यांच्याकडे गाडी नाही तेच जास्त भांडतील." मग – "रेघ सरळ आहे."

अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली असलेले एक सहकारी म्हणाले, सरांच्या तोंडून एवढी स्तुती त्यांनी ऐकलेली नाही.

गुरुवार, १६ मार्च

उद्या पत्र. आईने मंगळवारसाठी माझे कपडे आजच इस्त्री करून ठेवले. घरात सुनावणीची तालीम झाली. बाबा आमच्या ऑफिसचे मोठे साहेब झाले, शिट्टीकाका जनता. मी उठून ‘सातव्या रकान्यात माझ्याकडून’ एवढं म्हणेपर्यंत साहेब खुर्चीत डुलकी घेत होते. जनतेने शिट्टी मारून त्यांना उठवलं. खरे साहेबही असेच असले तर काय हवं होतं.

आवाज मात्र थरथरला. उद्या पत्र हातात आलं की थरथरणार नाही.

शुक्रवार, १७ मार्च

पत्र निघालं नाही. मोठे साहेब रजेवर होते; ते थेट सुनावणीलाच येणार, अध्यक्ष म्हणून. आमच्या पत्रांवर सह्या त्यानंतर. फूटपट्टी सर हळूच म्हणाले, "सुनावणीनंतरही दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आठ महिने लागतात. तुम्ही थांबलात तर मी तुम्हाला काही म्हणणार नाही." भिंत सहा महिन्यांत उभी राहते.

आईला विचारलं, काय करू? म्हणाली, "मला काय विचारतेस. मी तर रुळावरूनच येणार आहे ऐकायला."

ठरलं – मंगळवार, २१ मार्च, सकाळी अकरा. सातवा रकाना वाचला की मी उठणार.