बोट टोचायची परीक्षा

मंगळवार, ९ मे

तपासणी ठरली! पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला. मनिलाहून एक माणूस येणार, वॉर्डावॉर्डांतून फिरणार आणि खाटेशी उभं राहून बघणार — नर्स बोट टोचून साखर तपासते ती नीट तपासते का. सिस्टर फिदेलिसनी बोलावून सांगितलं, "नापास झालो तर साखर मोजायची यंत्रं वॉर्डातून जातील. मग प्रत्येक थेंब खाली लॅबमध्ये." हसत सांगितलं. नन आहेत, वाईट बातमीसुद्धा प्रसाद वाटल्यासारखी देतात.

ही यंत्रं या इस्पितळात मी आणली. लॅबमधली बाई वॉर्डात नाक का खुपसते म्हणून सगळ्यांची बोलणी खाल्ली. आता कोण मनिलाचा येऊन ती उचलून नेणार? माझ्या डोळ्यांदेखत? बघतेच!

बुधवार, १० मे

तीन नंबरच्या वॉर्डापासून सुरुवात. विचारलं, यंत्रात घालायच्या पट्ट्यांची बाटली उघडल्यावर किती दिवस चालते? एक म्हणाली, "संपेपर्यंत, मॅम." दुसरी म्हणाली, "तपासणी होईपर्यंत, मॅम."

आमच्या इलोइलोच्या पोरींचा आवाज मुळातच लाडिक. त्या खोटं बोलल्या तरी अंगाई म्हटल्यासारखं वाटतं. माणूस रागवायचं विसरतो. मी विसरले नाही.

एकाही बाटलीवर उघडल्याची तारीख नाही. एकीवर होती — पुढच्या सोमवारची! "आधीच लिहून ठेवली, मॅम. ऐनवेळी गडबड नको." कपाळाला हात लावला.

मग सगळ्यांना उभं करून पाठ करून घेतलं. रुग्णाचा हात साबणानं धुवायचा. कोरडा करायचा. टोचायचं. आकडा तीनशेच्या वर गेला तर पुन्हा हात धुवून पुन्हा टोचायचं, आणि तरीही वरच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. आकडा आवडला नाही म्हणून आवडेपर्यंत टोचत बसायचं नाही. शेवटी ठणकावून सांगितलं — सकाळी यंत्राची चाचणी बरोबर आलेली असेल तर यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

छान बोलले. प्रेसीनं मान डोलावली. प्रेसी म्हणजे तिथली मुख्य नर्स, सहसा कशालाच मान डोलावत नाही.

शुक्रवार, १२ मे

प्रत्यक्ष परीक्षा. एकेकीला बोलावून हातात यंत्र दिलं. टोचायला खरं बोट कुठून आणणार, म्हणून चाचणीच्या द्रावणाचा थेंब. दुपारपर्यंत सगळ्या पास. ज्या नव्हत्या त्यांना पुन्हा करायला लावून पास.

शेवटची चेरीलू. नवी पोर, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. ते सहा महिने नेमके १९ तारखेला भरतात. ही परीक्षा पास तर कायम, नापास तर घरी. कायम झाल्यावर घालायचे पांढरे बूट म्हणे आत्ताच आणून कपाटात ठेवलेत. प्रेसी सांगत होती.

तिची पाळी आली आणि द्रावण संपलं. म्हटलं, घे माझं बोट.

३४८.

"मॅम, परत धुऊ या हं," म्हणाली. धुतला. पुसला. दुसरं बोट. ३५१. ती फोनकडे वळली.

"फोन ठेव."

"पण मॅम, तीनशेच्या वर —"

"मी आत्ता आंबा खाल्लाय. तू हात नीट धुतला नाहीस. आंब्याची साखर मोजलीस. नापास!"

चेरीलूनं यंत्र पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "हो, मॅम."

आंबा खाल्ला होता हे खरं. सकाळी. काट्यानं, हात न लावता.

शनिवार, १३ मे

तहान फार. मे महिना आहे, सगळ्यांनाच लागते.

सोमवार, १५ मे

सकाळी उपाशीपोटी दुसऱ्या वॉर्डाचं यंत्र घेतलं आणि खोलीचं दार लावून स्वतःला टोचलं. २९१. मग बाळंतिणींच्या वॉर्डाचं घेतलं. २९४.

यंत्रं एकमेकांशी किती छान जुळतात!

मंगळवार, १६ मे

मनिलाच्या माणसाला दाखवायला एक गोष्ट लागते. त्याच रक्ताची साखर वॉर्डातल्या यंत्रावर मोजायची, खाली लॅबच्या मोठ्या यंत्रावर मोजायची, आणि दोन्ही आकडे जवळजवळ आले पाहिजेत. कमी साखरेचं रक्त मिळालं होतं. मध्यम मिळालं होतं. जास्तीचं मिळत नव्हतं, घोडं तिथंच अडलं होतं.

आज दंडाला पट्टा बांधला आणि माझंच काढलं. नळीवर नाव नाही, नुसतं 'जुळणी — जास्त'. वॉर्डाचं यंत्र ३११. लॅब ३०७. अहाहा! इतकी सुंदर जुळणी मी आजवर पाहिली नाही. काम पूर्ण झालं. खूश होऊन खुर्चीत बसले.

मग बराच वेळ उठलेच नाही.

बुधवार, १७ मे

प्रेसी आली. दारातच उभी. "मॅम, त्या पोरीची परीक्षा पुन्हा घ्या ना. माझ्या वॉर्डात तिच्यासारखा हात कुणाचा नाही. तिथले एक म्हातारे आजोबा दुसऱ्या कुणाला टोचू देत नाहीत."

"हात धुतला नाही तिनं."

"ती? ती रुग्णाचा हात धुते आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाचाही धुते!"

म्हटलं, बघू. काय बघू? पुन्हा घ्यायची तर कुणाच्या बोटावर? तिनं बरोबर केलं म्हणायचं तर तो आकडा बरोबर म्हणावा लागेल. आणि आकडा बरोबर, तर तीनशेच्या वर असून पाच दिवस डॉक्टरांना न सांगितलेली बाई कोण?

साखरेपायी आईच्या पायाचा आधी अंगठा काढला. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत. ती हसून म्हणायची, माझं शिवणयंत्र एका पायावरही चालतं. मी लॅबमध्ये शिकत होते तेव्हा. तिची साखर मीच मोजायची.

मला भीती वाटते. लिहिलं. लिहून काही कमी झाली नाही.

गुरुवार, १८ मे

सगळ्या बाटल्यांवर तारखा. खऱ्या.

कुणा डॉक्टरांचा वाढदिवस, वॉर्डात परातभर पान्सित आलं, परतलेल्या शेवया. प्रेसीनं ते दारातूनच खाली पहारेकऱ्यांकडे धाडलं. "ड्यूटीवर शेवया खाल्ल्या की रुग्णांची रीघ लागते! आणि उद्या तपासणी!" मी म्हटलं, प्रेसी, आपण शिकलेली माणसं आहोत. मात्र मीही खाल्लं नाही. उगाच कशाला.

नापास नर्स वॉर्डात दिसायला नको, सिस्टरांचा हुकूम. उद्या चेरीलूला चादरींच्या खोलीत बसवायचं. शेवटचा दिवस, चादरी घड्या घालत. मी "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं.

शुक्रवार, १९ मे

ते आले. सर ओक्तावियो. बुटके, हळू बोलणारे. पोरींनी घडाघडा उत्तरं दिली. बाटली किती दिवस, हात कसा धुवायचा, सगळं पोपटासारखं. जुळणी बघून ते म्हणाले, "वा! हे जास्तीचं फारच छान जुळलंय." मी म्हटलं, थँक यू, सर.

मग त्यांना लघवीला लागली. प्रेसीनं सांगितलं, डावीकडचं दुसरं दार. त्यांनी पहिलं उघडलं.

आत चेरीलू. गळ्यापर्यंत चादरींचा ढीग.

"तुम्ही इथल्या नर्स?"

"आजच्या दिवस, सर."

सिस्टरांचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं पाहिलं. सर ओक्तावियो तिथंच दारात उभे राहिले आणि सवयीनं विचारायला लागले. आकडा तीनशेच्या वर आला तर? हात धुऊन पुन्हा टोचते, सर. तरी आला तर? डॉक्टरांना फोन, सर.

"आणि रुग्णच म्हणाला, हे चूक आहे, फोन करू नको — तर?"

आता ही माझं नाव घेणार! चेरीलूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातली उशीची खोळ नीट घडी केली.

"मग मी भांडत नाही, सर. जवळ थांबते. ते घाबरलेले असतात."

मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. आवाज माझा होता. मी म्हणत होते — सर, ते जास्तीचं रक्त माझं आहे. या मुलीनं माझीच साखर तपासली, गेल्या शुक्रवारी. हात दोनदा धुतला होता. मी खोटं बोलून तिला नापास केलं.

सर ओक्तावियो म्हणाले, "बरं. पण आधी ते दुसरं दार कुठलं?"

शनिवार, २० मे

निकाल. यंत्रं वॉर्डातच राहणार! दोष एकच, तो माझ्या नावावर. मी स्वतः पुन्हा परीक्षा देऊन पास होईपर्यंत कुणाची परीक्षा घ्यायची नाही. अकरा वर्षं हाच धडा शिकवला, आणि आता मीच पहिल्या बाकावर. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चेरीलू पास. कायम. सिस्टरांनी कागदावर सही केली आणि मला हसून म्हणाल्या, "तुमची परीक्षा तीच घेईल." प्रसाद!

वॉर्डाचे डॉक्टर हालांदोनी, त्यांचा निरोप आला की येऊन भेटा. आंब्यांचा मोसम संपू दे, मग बघू.

सोमवार, २२ मे

सकाळी परीक्षा दिली. नव्या पांढऱ्या बुटांत परीक्षक. "मॅम, येताना काही खाऊन आला नाहीत ना?" परीक्षेला उपाशी कशाला म्हणे? पण नव्हते आले खाऊन. स्वतःचं बोट स्वतः टोचलं. सगळं केलं. ३१२.

तिनं डॉक्टरांना फोन केला, नियमाप्रमाणे. मला म्हणाली, नापास. का? तर हात थरथरला.

माझा हात थरथरला! या हातानं हिच्या जन्माआधीपासून रक्त काढलंय.

मंगळवार, २३ मे

पुन्हा नापास. आज काय, तर घाई केली.

२९८. आज फोन करावा लागला नाही, डॉक्टर हालांदोनी आपणहून टेबलाशी येऊन बसले होते. माझं बोट चेरीलूच्या हातात, पळणार कुठं? पाय तपासले. तळव्यांना टाचणी लावून विचारलं, लागतं का? लागलं. चांगलंच लागलं. डोळ्यांत पाणी आलं. ते टाचणीचं नव्हतं. गोळ्या दिल्या, पहिली त्यांच्यासमोरच गिळायला लावली.

बुधवार, २४ मे

तिसऱ्यांदा नापास! आज एक पायरी चुकली असेल तर शपथ. चिडून म्हटलं, बाई गं, काय चुकलं ते तरी सांग.

"काहीच नाही, मॅम. पण पास केलं तर उद्या याल का?"