लाल कोटातला तू

तारकर्ली
१२ मार्च २००९

प्रिय सुशांत,

तुझ्या आईने मागणीचा निरोप पाठवल्यापासून नितेशदादा हरखून गेलाय. एका डोळ्याने का होईना, त्याला आपलं लग्न बघायचंय. सकाळीच म्हणाला, "सुशांताक होय म्हण गो. माणूस बरो आसा. सोयरीक झाली काय दर्यातली भांडणा पण मिटतली." मी मान खाली घालून मासे साफ करत राहिले.

काल कावेरीवहिनीबरोबर कुडाळला जाऊन तो सिनेमा पाहिला, आपल्या किनाऱ्यावर घेतलेला, सावंतवाडीच्या बंडाचा. नायक-नायिकेचं प्रेम छान रंगवलंय. वहिनी पदराने डोळे पुसत होती. माझं सगळं लक्ष लढाईकडे. सिनेमावाल्यांना आपल्या समुद्रातलं वैर काय ठाऊक? शूटिंगला गर्दी हवी म्हणून तुम्हा ट्रॉलरवाल्यांना त्यांनी कंपनी सरकारचे लाल कोट चढवले आणि किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या आम्हा रापणकरांना बंडवाले केलं. आयतं कोलीत हातात दिलं. ज्यांची जाळी तुमच्या ट्रॉलरांनी फाडली, त्यांच्याकडे लाकडी तलवारी. ज्यांची बोट आमच्यांनी जाळली, त्यांच्याकडे बंदुका. शिट्टी वाजली आणि खोटी लढाई खरी झाली. दात पडले, डोकी फुटली, आमच्यातल्या महादूचा हात मोडला. आम्हा बायकांना नुसतं रडण्यासाठी उभं केलं होतं, त्या आम्ही खरंच रडलो.

दादाचा डोळा गेला तेव्हा तू म्हणालास, गर्दीत बंदुकीचा दस्ता लागला. तूच त्याला उचलून गाडीत घातलंस, गोव्याच्या हॉस्पिटलात रक्त दिलंस. मी तुला देव मानलं रे.

पडद्यावर सगळं दिसतं. महादू खाली पडलाय. दादा तलवार टाकून त्याला उठवायला वाकलाय. तू बाजूने येतोस, चालत, कसलीच घाई नाही. बंदूक उलटी धरतोस आणि दादा मान वळवायच्या आत दस्ता त्याच्या तोंडावर घालतोस. तो पडल्यावर पुन्हा घालतोस. मागून माझी किंकाळी; तेव्हा धुरातून मला नुसता दादा पडलेला दिसला होता. थेटरात शिट्ट्या वाजल्या. धुरात तुझा चेहरा क्षणभरच दिसतो, वहिनीने ओळखला नाही. मी तो कुठेही ओळखीन.

रविवारी दादा सुपारी फोडायला तुमच्याकडे यायचं म्हणतोय. तो येणार नाही. शनिवारी मी त्याला कुडाळला नेणार आहे. पडद्यावर बघण्याआधी त्याने तुझ्या तोंडून ऐकावं, एवढ्यासाठी हे पत्र. भिऊ नकोस, मारामारी त्याला पुरे झालीय. माझी आशा मात्र सोड. जीव अजून तुझ्यातच अडकलाय, त्याचाच मला राग येतो. पण त्या हातांनी मी गळ्यात मंगळसूत्र बांधून घेणार नाही.

नितेशची बहीण,
रूपाली