हिरडीवरून फिरवायची काडी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते. आता एचआयव्हीची चाचणी सुईशिवाय होते. माणसानं स्वतःच एक चपटी काडी वरच्या-खालच्या हिरडीवरून फिरवायची, छोट्या बाटलीतल्या द्रवात उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. ती कितपत खरी निघते, लोकांना कितपत पटते, हे बघायचं काम मी औरंगपुऱ्यातल्या एका केंद्रात करते. बायकांना आवडते, कारण आतून कडी लावून करता येते. पुरुषांना आवडते, कारण सुई नाही!

परवा-परवापर्यंत मला तुमच्या हाताखालचा तो दिवस आठवला की कान गरम व्हायचे. मी नवशिकी, तीनपैकी पहिलीच चाचणी बघून व्हरांड्यातल्या माणसाला 'पॉझिटिव्ह' सांगून बसले. तुम्ही मला आत ओढलंत. "तुझ्या तोंडून निघालं अन् त्याचं जगणं पालटलं. दुसरी-तिसरी झाल्याबिगर बोलायचं नाय!" पुढच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या. तुम्ही मला त्याची माफी मागायला लावलीत. तो बिचारा माझेच हात धरून रडत हसत होता.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं आलं. गुलमंडीत कापडदुकानात काम करणारा विधुर आणि ब्लाउज शिवणारी बाई. दोघांचंही दुसरं लग्न ठरलेलं. "मॅडम, सुई बघितली की मला घेरी येती," तो म्हणाला. तोंडात तंबाखू होती. चूळ भरायला लावून अर्धा तास बसवलं. काडीवर तिची एक रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. त्याच्या दोन.

मी त्याला एकट्यालाच आत घेतलं. म्हटलं, "हा निकाल नाही. रक्त तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही." त्यानं शर्टाची बाही वर सारली. मग म्हणाला, "म्हंजे सुई काय चुकली नाय."

रक्ताच्या तिन्ही चाचण्यांनी तेच सांगितलं. त्यानं स्वतःच तिला आत बोलवायला सांगितलं. खाली बघत म्हणाला, "तुमी मोकळ्या हायेत." डॉक्टरांनी समजावलं, की गोळ्या नेमानं घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तर तो जोडीदाराला लागत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, आणि त्याच्याकडे वळली. "गोळ्या चुकवल्या तर बघा. लग्नाचा ब्लाउज शिवून झालाय माझा, आता उसवायची नाय मी."

काही महिन्यांनी, विषाणू सापडत नाही असा रक्ताचा अहवाल आल्यावर त्यांनी लग्न केलं. दोघं पेढे घेऊन केंद्रात आले. आल्या आल्या त्यानं, रक्त देताना आता घेरी येत नाही, हे मोठ्यानं सांगितलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. शिकताना पहिली काडी मी माझ्याच हिरडीवर फिरवली होती. भ्यायचं काही कारण नव्हतं. तरी भिंतीकडे तोंड करून इतका वेळ बसून राहिले, की निकाल वाचायची वेळ टळून गेली आणि चाचणी पुन्हा करावी लागली. केंद्रात हे अजून कुणाला माहीत नाही.